दुरुस्त झालेल्या चारीचे पाणी टेलला का पोहोचत नाही? सही करण्यापूर्वीची पाहणी

आपण कळवलेली हकिगत थोडक्यात अशी. आपण एका पाणी वापर संस्थेचे सचिव आहात. आपल्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या लघुवितरिकेची (कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या चारीची) पुनर्स्थापना गेल्या उन्हाळ्यात झाली आणि तिला पूर्ण लांबीत काँक्रीटचे अस्तरीकरण झाले. रब्बीच्या पहिल्या आवर्तनात (पाणी सोडण्याच्या पाळीत) मुखाशी ३ क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद) पाणी घेतले, वाटेतील सर्व विमोचक (शेतांकडे पाणी सोडणारी तोंडे) बंद ठेवले, तरी टेलला (चारीच्या शेवटच्या टोकाला) जेमतेम दीड क्युसेक पाणी पोहोचले. दोन ठिकाणी अस्तराला लांबच लांब तडे गेले आहेत आणि चारीच्या मातीच्या भरावाखालच्या एका शेतात पाय रुतेल इतकी ओल आली आहे. ठेकेदार तडे सिमेंटने भरून देण्यास तयार आहे आणि संयुक्त पाहणीच्या अहवालावर आपली सही मागितली जात आहे. त्या अहवालात कोणते दोष लिहावेत आणि कोणती दुरुस्ती मागावी, असा आपला प्रश्न आहे.

गोदावरी खोऱ्यातील काळ्या जमिनीतून जाणाऱ्या कालव्यांवर आणि चाऱ्यांवर मी अनेक वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, आपला खरा प्रश्न तड्यांचा नाही. दीड क्युसेक पाणी नेमके कोणत्या लांबीत आणि कोणत्या वाटेने जाते, हे अजून कोणालाच ठाऊक नाही, हा खरा प्रश्न आहे. तडे डोळ्यांना दिसतात म्हणून सगळी चर्चा त्यांच्याभोवती फिरते आणि ते भरून घेतले की काम झाले असे वाटते. पुढच्या आवर्तनात मात्र टेलचा शेतकरी पुन्हा कोरडाच राहतो.

प्रथम साधा हिशेब करून पाहा. अस्तरीकरण झालेल्या कालव्याच्या संकल्पनात पाझराचा व्यय सामान्यतः ओल्या पृष्ठभागाच्या दर दशलक्ष चौरस मीटरला ०.६ घनमीटर प्रतिसेकंद, आणि मातीच्या कालव्यात सुमारे २.४ घनमीटर प्रतिसेकंद इतका धरतात. आपल्या चारीचा तळ आणि दोन्ही बाजूंचा पाण्याखालचा उतार मिळून दोन मीटर धरला, तर तीन किलोमीटरमध्ये ओला पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर होतो. त्यातून अस्तर चांगले असताना सेकंदाला साधारण साडेतीन लिटर पाणी पाझरावे. चारी पूर्वीसारखी मातीची असती, तरी हा आकडा चौदा-पंधरा लिटरच्या आसपास राहिला असता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. म्हणजे आपल्याकडे सेकंदाला ४२ लिटर पाणी नाहीसे होत आहे, जे अस्तरित चारीच्या अपेक्षित पाझराच्या बारापट आणि मातीच्या चारीच्याही जवळजवळ तिप्पट आहे. चार-दोन तड्यांतून झिरपून इतके पाणी जात नाही. एक तर ते कुठेतरी वाट करून वाहत आहे, किंवा कोणीतरी ते घेत आहे, किंवा मुखाशी ते तितके आलेलेच नाही. अनेक चाऱ्यांवर ही तिन्ही कारणे एकाच वेळी आढळतात.

यातील बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच स्पष्ट करतो. चारी कोणत्या लांबीत खोदाईत आहे आणि कोणत्या लांबीत भरावावर, खाली काळी माती आहे की मुरूम, अस्तराखाली नकाशात कोणते थर दाखवले होते आणि निविदेत दोष दायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) किती आहे, यांवर पुढील उत्तराचा तपशील बदलेल. म्हणून पुढील सल्ल्याआधी कार्यकारी नकाशा, काटछेद आणि निविदेतील बाबींची प्रत संस्थेने लेखी मागून घ्यावी. ही प्रत हाती नसताना केलेल्या पाहणीत, समोर दिसते आहे तो दोष आहे की ते मुळातच तसे ठरले होते, हे सांगता येत नाही.

सुरुवात मुखाच्या मोजमापापासून करावी. आपल्याकडे स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम (प्रवाह मोजण्यासाठी बांधलेला अरुंद पक्का भाग) असावा असे मी गृहीत धरतो. पाणी बंद असताना फ्ल्यूमच्या उंबरठ्याची पातळी आणि मोजपट्टीचे शून्य एका रेषेत आहे का, हे पातळी मोजण्याची दुर्बीण लावून किंवा किमान पारदर्शक नळीत पाणी भरून तपासावे. पुनर्स्थापनेत फ्ल्यूमची डागडुजी होते, रंगरंगोटी होते आणि पट्टी नव्याने बसवताना शून्य दोन सेंटिमीटर खाली जाते. हा दोष मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की, मी तो सर्वांत आधी शोधतो. फ्ल्यूममधील प्रवाह पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घाताने बदलतो. त्यामुळे उंबरठ्यावर खरे पाणी १५ सेंटिमीटर असताना पट्टी १७ दाखवत असेल, तर प्रवाह वीस टक्क्यांनी फुगवून लिहिला जातो. कागदावर ३ क्युसेक असते, पण चारीत अडीचच येते. घनमापन पद्धतीने (मोजलेल्या पाण्यानुसार) पाणीपट्टी भरणाऱ्या संस्थेला मग न मिळालेल्या पाण्याचेही पैसे भरावे लागतात. त्याबरोबर फ्ल्यूमच्या खालच्या बाजूला पाणी तुंबत नाही ना, हेही पाहावे. तुंबवट्यामुळे फ्ल्यूम बुडून वाहू लागला की पट्टीवरील आकड्याला अर्थ राहत नाही, आणि खालचा तळ गाळाने किंवा चुकीच्या पातळीने उंचावलेला असल्याचीही ती खूण असते.

मुखाचे माप खात्रीचे झाले की चारीचे तीन भाग पाडून प्रत्येक भागाच्या शेवटी प्रवाह मोजावा. वाहून नेता येणारा कट-थ्रोट फ्ल्यूम पाटबंधारे खात्याच्या उपविभागाकडून मिळाला तर उत्तम. नसेल तर सरळ आणि स्वच्छ अशी तीस मीटर लांबी निवडून तरंगत्या वस्तूने पाण्याचा वेग काढावा. वस्तूला तीस मीटर जाण्यास ८५ सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.३५ मीटर येतो. त्याला ०.८५ ने गुणले की सरासरी वेग ०.३० मीटर, आणि पाण्याचा काटछेद ०.२८ चौरस मीटर असेल तर प्रवाह सुमारे ८४ लिटर, म्हणजे तीन क्युसेक. ही पद्धत ढोबळ आहे. तरीही तीन-चार वेळा मोजून सरासरी घेतली, तर कोणत्या किलोमीटरमध्ये पाणी हरवते हे निश्चित कळते, आणि आपल्याला सध्या तेवढेच हवे आहे. मोजणी पहाटे करावी, सर्व विमोचकांवर संस्थेचा एकेक माणूस उभा करावा आणि कालवा निरीक्षकांना सोबत घ्यावे, म्हणजे नंतर आकड्यांवरून वाद होत नाही.

यानंतर प्रत्यक्ष पाहणी. ती एकदा करून भागत नाही. मी नेहमी तीन वेळा चारी चालत जातो: कोरडी असताना, पूर्ण भरून वाहत असताना आणि पाणी बंद केल्यानंतर एक-दोन दिवसांत. यातली तिसरी फेरी बहुतेक जण टाळतात, पण मला सर्वाधिक माहिती तिच्यातूनच मिळाली आहे. चारी रिकामी झाल्यावर कोणत्या सांध्यातून पाणी उलटे आत झिरपते, कोणत्या पॅनेलची (अस्तराच्या दोन सांध्यांमधील तुकड्याची) कड अजून ओली आहे आणि तळात कुठे पाणी साचून राहिले आहे, हे त्या दोन दिवसांतच दिसते. पाणी साचलेली प्रत्येक जागा म्हणजे तळाची पातळी चुकल्याचा पुरावा असतो. चारीचा उतार दोन हजाराला एक असेल आणि एखाद्या ठिकाणी तळ दहा सेंटिमीटर उंच बांधला गेला असेल, तर त्या एका चुकीने दोनशे मीटरचा उतार खाऊन टाकलेला असतो. अशा जागेच्या वरच्या बाजूला पाणी फुगते, मोकळी कड (पाण्याच्या पातळीवरची काठाची उंची) कमी पडते आणि पाणी काठावरून सांडते. ते पुसटसे सांडणे आवर्तनात रात्री होते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

कोरड्या फेरीत हातात लोखंडी सळई आणि लाकडी हातोडा असावा. प्रत्येक पॅनेलवर तळापासून वरपर्यंत ठोकत जावे. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांतील फरक दहा मिनिटांत कानाला कळतो. पोकळ वाजणाऱ्या पॅनेलवर रंगाने खूण करून साखळी क्रमांक (मुखापासूनचे अंतर) लिहावा. सांध्याच्या कडेला किंवा फुटलेल्या जागी अस्तराची जाडी मोजावी. नकाशात ७५ मिलिमीटर असेल आणि हाती ४५ लागत असेल, तर तो स्वतंत्र दोष आहे आणि त्याला तड्यांच्या यादीत मिसळू नये. खिळ्याने ओरखडा काढल्यावर पीठ निघत असेल, तर उन्हाळ्याच्या घाईत काँक्रीटला पुरेसे पाणी मारले गेले नाही असे समजावे.

आता तड्यांविषयी. तडा कोणत्या दिशेला आहे, यावरून त्याचे कारण बरेच कळते. चारीला आडवे आणि ठरावीक अंतरावर गेलेले बारीक तडे काँक्रीट आकसल्याने पडतात. ते स्वच्छ करून लवचीक भरणद्रव्याने भरले की पुरे. त्यांत सिमेंटचा गिलावा घालू नये, कारण ऊन-थंडीने काँक्रीट हलते आणि गिलावा पुढच्या उन्हाळ्यात सुटून पडतो. आपण वर्णन केलेले तडे मात्र चारीच्या लांबीला समांतर, बाजूच्या उतारावर आहेत आणि तेथे पॅनेल आत फुगल्यासारखे दिसते, असे आपण लिहिले आहे. ही मागच्या मातीच्या दाबाची खूण आहे. काळी माती पाणी प्यायल्यावर फुगते आणि वाळल्यावर भेगाळते. आपल्याकडे चारी आवर्तनानुसार भरते आणि रिकामी होते, त्यामुळे अस्तरामागची माती वर्षातून अनेकदा हा फेरा पूर्ण करते. पातळ काँक्रीट तिला रोखू शकत नाही.

यावरील उपाय आपल्याच भागात विकसित झालेला आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबलेला थर देण्याचे तंत्र मांडले, आणि भारतीय मानक ९४५१ मध्ये फुगणाऱ्या जमिनीतील अस्तरीकरणासाठी त्याचे मार्गदर्शन आहे. आपल्याकडे हा थर बहुधा योग्य प्रतीच्या मुरमाचा देतात. थराची जाडी मातीच्या फुगण्याच्या दाबावर आणि कालव्याच्या क्षमतेवर ठरते. म्हणून फुगलेल्या दोन-तीन जागी पॅनेल उचलून खाली काय आहे ते पाहण्याची मागणी अहवालात अवश्य लिहावी. थर नसेल, किंवा मुरमात काळी माती मिसळलेली असेल, तर तडे कितीही वेळा भरले तरी ते पुन्हा उघडतील. दुरुस्ती म्हणजे पूर्ण पॅनेल सांध्यापासून सांध्यापर्यंत काढणे, मागची काळी माती ठरलेल्या जाडीपर्यंत खोदणे, चाचणीत उतरलेला मुरूम योग्य ओलाव्यावर पातळ थरांत दाबणे, नकाशात प्लास्टिकची चादर असेल तर ती पुरेशी एकावर एक चढवून पसरणे, आणि मग सांधे राखून नवे काँक्रीट टाकणे. लांबी थोडी असेल, तर हे काम दोन आवर्तनांच्या मधल्या काळात होते.

मागून येणाऱ्या पाण्याचा दाब हे तडे पडण्याचे दुसरे कारण. आवर्तन संपताना दार एकदम बंद केले की चारीतील पाणी झटकन उतरते, मागच्या मातीतील पाणी मात्र तसेच राहते आणि ते पॅनेलला आत ढकलते. त्यासाठी खोदाईच्या लांबीत गाळणीसह निचऱ्याची छिद्रे ठेवतात. येथे एक चूक वारंवार दिसते: एकाच नमुन्यावरून काम करताना भरावाच्या लांबीतही तशीच छिद्रे ठेवली जातात. भरावात बाहेरची जमीन चारीच्या पाण्यापेक्षा खाली असते, त्यामुळे तेथील छिद्रे निचरा करत नाहीत, उलट चारीचे पाणी बाहेर सोडतात. आपल्या ओल्या शेतासमोर अशी छिद्रे आहेत का, हे आवर्जून पाहावे. खोदाईच्या लांबीत वरच्या बाजूची पाणचर आणि अस्तराच्या माथ्यावरची काँक्रीटची पट्टी शाबूत आहे का, हेही पाहावे, कारण पावसाचे पाणी तेथूनच अस्तरामागे उतरते आणि माती धुऊन पोकळी करते.

आता त्या ओल्या शेताकडे येतो, कारण माझ्या मते आपले बरेचसे पाणी तेथेच जात असावे. भरावातून जाणाऱ्या विमोचकाच्या नळाभोवतीची जागा हा प्रत्येक चारीतील सर्वांत दुबळा भाग असतो. नळाच्या पोटाखाली रोलर पोहोचत नाही, मजूर वरून माती लोटतात, ती दाबलेली दिसते आणि खाली पोकळच राहते. एका चारीवर अशाच ठिकाणी आतल्या बाजूने तीन वेळा गिलावा करून झाला होता आणि दर आवर्तनाला शेतकऱ्याची तक्रार येत होती. शेवटी मी भराव उघडण्यास सांगितले. नळाखाली ढेकळे होती आणि ढेकळांमधून हात आत जात होता. आम्ही दोन्ही बाजूंनी मोकळे खोदले, नळाभोवती काँक्रीटची गळपट्टी (नळालगत पाण्याने वाट करू नये म्हणून कडे) घातली, निवडलेली चिकण माती पंधरा सेंटिमीटरच्या थरांत ओलावून धुमसाने नळाच्या पोटाखालपर्यंत ठोकली आणि मगच अस्तर पूर्ववत केले. तीन दिवसांचे काम होते. त्यानंतर त्या शेतात ओल आली नाही. त्याआधीच्या तीन गिलाव्यांवर जो वेळ आणि जे पीक गेले, त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण ते शेत एका अल्पभूधारकाचे होते आणि त्याच्याकडे दुसरी जमीन नव्हती.

चारी भरून वाहत असताना भरावाच्या पायथ्याने चालावे आणि जिथे पाणी दिसेल तिथे ते स्वच्छ आहे की गढूळ, हे काचेच्या पेल्यात घेऊन पाहावे. स्वच्छ झिरप काही काळ चालू शकते आणि तिची नोंद करून आवर्तन पूर्ण करता येते. गढूळ पाणी म्हणजे भरावातील माती वाहून जात आहे. तेव्हा चारी टप्प्याटप्प्याने, पण त्याच दिवशी बंद करावी आणि उपविभागाला लेखी कळवावे. घुशींची आणि खेकड्यांची बिळे हीही अशाच धोक्याची जागा आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पूल परिसरातील घरांत पाणी शिरले, तेव्हा बिळांचे कारण पुढे आले आणि अनेकांनी ते हसण्यावारी नेले. त्या घटनेत कोणते कारण किती खरे, याबद्दल मी बोलत नाही. पण बिळामुळे भरावातून वाट तयार होते, हे कालव्यावर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बिळाचे तोंड लिंपून उपयोग नाही; ते शेवटपर्यंत खोदून, दाबत दाबत भरावे लागते.

एखाद्या लांबीबद्दल वाद असेल, तर साचवण चाचणी करावी. पन्नास-साठ मीटरची लांबी दोन्ही टोकांना मातीचे बांध घालून बंद करावी, पूर्ण पातळीपर्यंत पाणी भरावे आणि चोवीस तासांत पातळी किती उतरते ते मोजावे. वर सांगितलेल्या संकल्पनातील व्ययानुसार अस्तरित चारीत पातळी दिवसाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उतरावी, बाष्पीभवनाचा थोडा भाग वेगळा. वीस सेंटिमीटरच्या पुढे उतरत असेल, तर अस्तर असूनही चारी मातीच्या चारीसारखीच वागत आहे. या चाचणीचा आकडा कोणाच्या मतावर अवलंबून नसतो, म्हणून दोन्ही बाजूंना तो मान्य होतो.

एक अवघड विषय टाळता येणार नाही. काही ठिकाणी अस्तरीकरणामुळे काठच्या विहिरींचा पाझर कमी होतो आणि कोणीतरी रात्री अस्तर फोडते किंवा काठावरून नळी टाकून पाणी घेते. फुटलेल्या कडा आत ढकललेल्या आहेत की बाहेरून घाव घातल्यासारख्या आहेत, हे पाहिले तर फरक कळतो. अशा जागांचा दोष ठेकेदारावर टाकू नये. तो प्रश्न संस्थेच्या सभेत, त्या शेतकऱ्याला समोर बसवून आणि त्याच्या विहिरीचे दुःख ऐकून घेऊनच सोडवावा लागतो.

अहवालाबाबत माझा सल्ला स्पष्ट आहे. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने व्यवस्थापन संस्थेकडे येताना संयुक्त पाहणीची तरतूद ठेवली आहे, आणि ती पाहणी चारीतून पाणी वाहत असताना झाली तरच तिला अर्थ आहे. सही नाकारून संबंध बिघडवण्याची गरज नाही. सही करावी, मात्र अहवालासोबत साखळी क्रमांकानुसार दोषांची यादी जोडावी. प्रत्येक दोषासमोर छायाचित्र, मोजलेला आकडा, मागितलेली दुरुस्ती आणि ती कोणत्या आवर्तनापूर्वी व्हावी हे लिहावे. "तडे भरणे" असे मोघम कधीही लिहू नये. "साखळी क्रमांक अमुक ते अमुक, डावी बाजू, पॅनेल काढून मुरमाचा थर देऊन नव्याने करणे" असे लिहावे. शेवटी, दुरुस्तीनंतर सर्व विमोचक बंद ठेवून मुखाशी आणि टेलला पुन्हा प्रवाह मोजला जाईल व तो मान्य झाल्यावरच काम पूर्ण समजले जाईल, असे वाक्य असावे. दोष दायित्व कालावधी संपण्यापूर्वी ही यादी उपविभागात दाखल होऊन तिची पोच हाती आली पाहिजे.

कामाचा क्रम ठरवताना मी प्रथम फ्ल्यूमची पट्टी दुरुस्त करीन, कारण ते एका दिवसाचे काम आहे आणि पुढची सर्व मोजमापे त्यावर अवलंबून आहेत. त्यानंतर नळांभोवतीचे भराव, मग फुगलेली पॅनेल, मग तळाची पातळी, आणि आकसल्याचे बारीक तडे सर्वांत शेवटी. आपल्या पहिल्या मोजणीचे तिन्ही भागांचे आकडे, फ्ल्यूमच्या उंबरठ्याची व पट्टीच्या शून्याची पातळी आणि ओल्या शेतासमोरील भरावाची उंची कळवलीत, तर भराव कोणत्या साखळी क्रमांकापासून उघडावा हे मला अधिक नेमके सांगता येईल.